माळेगाव–इंदापूर, व्हाया बूस्टर

ब्रेक तपासायला घाट लागतो, हा पुण्या-मुंबईकडचा लाडका गैरसमज आहे. घाटात ब्रेक तापतो, ऑइल उकळतं, सगळं नाट्य रीतसर घडतं. पण पॉवर ब्रेकचं दुखणं नेमकं कुठे आहे हे कळायला ऊसहंगामातला माळेगाव बुद्रुक ते इंदापूर हा सपाट रस्ता जास्त उपयोगाचा. घाट ब्रेकला एकच प्रश्न लांबवून विचारतो, हा रस्ता एका दमात चार विचारतो. कारखान्याकडे निघालेला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे असतो. मागे दिवा नाही, पाटी असलीच तर उसाच्या वाढ्यांखाली, आणि टेप इतका जोरात की आपला हॉर्न ड्रायव्हरला गाण्यातलाच वाटावा. तो थांबतो तेव्हा कुणाला न विचारता थांबतो. आपला पहिला ब्रेक झकास लागतो. पाठोपाठ गतिरोधक, बैलगाडी, ट्रॉलीतून ऊस उपसणारी पोरं. तिसऱ्या दाबाला पेडल दगडासारखं कडक आणि गाडी मात्र पुढे चाललेली. बारामतीच्या पुलापर्यंत मोकळा रस्ता मिळाला की ब्रेक पुन्हा शहाणा! गॅरेजात दाखवायला न्यावं तर तिथेही शहाणाच.

ही लहर नाही, हा हिशेब आहे. पॉवर ब्रेकचा बूस्टर स्वतः काही जोर करत नाही, जोर बाहेरच्या हवेचा असतो. त्याच्या डब्यात रबरी पडदा असतो. एका बाजूची हवा इंजिन ओढून घेतं, पाय पडला की दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडदा ढकलते. नऊ इंची पडद्याचं क्षेत्रफळ 400 चौरस सेंटिमीटरच्या वर भरतं. दर चौरस सेंटिमीटरला 700 ग्रॅमचा फरक धरला तरी पावणेतीनशे किलोंच्या पुढे जोर होतो. प्रत्येक दाबाला डब्यातला व्हॅक्यूम खर्च होतो आणि तो लगेच भरून यावा लागतो. म्हणून पहिला ब्रेक चांगला आणि लागोपाठचा तिसरा कडक, याचा अर्थ साठा आहे, भरणा मंद आहे. पेट्रोल इंजिन हा व्हॅक्यूम आपसूक देतं. डिझेलला त्यासाठी वेगळा पंप लागतो, आणि बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसवलेला असतो. तिथे पट्टा घसरला की चार्जिंगचा लाल दिवा आणि कडक ब्रेक हातात हात घालून येतात. दिव्यासाठी बॅटरीवाला आणि ब्रेकसाठी मिस्त्री गाठणाऱ्याला दोघेही आपापला माल विकतात.

यावर मिस्त्री म्हणेल, पेडल कडक तर लायनरही काचेसारखे झालेले असू शकतात. बरोबर आहे, म्हणून तर उभ्या गाडीची चाचणी. इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा मारायचं, कडक झालं की दाबूनच धरायचं आणि चावी फिरवायची. पाय किंचित खाली गेला तर मदत येतेय, मग लायनर, कॅलिपर बघा. जागचा हलला नाही तर व्हॅक्यूमकडे वळा. दुसरी खूण अशी: चालू गाडी बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. पहिलाच दाब कडक आला, तर साठा बूस्टरच्या एकतर्फी वाल्वमधून किंवा कुठल्या तरी चिरेतून निघून गेलाय. मग बूस्टरवरचा पाइप काढून चालू इंजिनवर त्याच्या तोंडावर अंगठा ठेवायचा. अंगठा घट्ट ओढला गेला तर पाइप आणि पंप सुटले, नाही तर बूस्टरची किंमत विचारायची घाई नको. ‘बूस्टर बदलला आणि गाडी बरी झाली’ हा पुरावा सगळेच देतात. पण नव्या बूस्टरबरोबर बहुधा नवा वाल्व आणि नवा पाइपही बसतो, तेव्हा श्रेय कुणाचं? आषाढात याच रस्त्यावर बेलवाडीला तुकोबांच्या पालखीचं गोल रिंगण होतं, गिऱ्हाइकाचं रिंगण मात्र बारमाही.

काटेवाडी, भवानीनगर ओलांडताना पेडल कडक न होता मऊ लागलं, किंवा दाबून धरल्यावर हळूहळू तळाला बसलं, तर हे सगळं पुराण बाद. ते दुखणं ऑइलच्या बाजूचं आहे, लाइनीतली हवा काढा नाही तर मास्टर सिलिंडर बघा. रस्त्यावर डबकं ओलांडल्यावर ब्रेक न धरता चार-दोन दाबांनी सुधारला, तर फक्त लायनर भिजलेत. ‘आमच्या गाडीला एबीएस आहे’ हा आक्षेप हमखास येतो. साधं एबीएस चाक जाम होऊ देत नाही, पण चाक जाम करण्याइतका दाबच पायाने तयार झाला नाही तर त्याला करायला काम उरत नाही. आणि उताराला इंजिन बंद करून डिझेल वाचवणारे काटकसरी तर चालत्या गाडीतच साठा संपवतात: दोन-तीन दाब फुकटचे, पुढचे सगळे पायाच्या ताकदीचे. निमगाव केतकीपर्यंत हे खपून जातं. इंदापूरला पुणे–सोलापूर महामार्ग लागतो, आणि तिथले ट्रक ट्रॅक्टरच्या वेगाने येत नाहीत, त्यामुळे पाइपावर अंगठा ठेवायचा तो त्याआधीच्या एखाद्या चहाच्या टपरीवर. इंजिन चालू, हातब्रेक ओढलेला, आणि चहावाल्याच्या तज्ज्ञ सल्ल्याकडे कानाडोळा.