बियापासूनवाले काकाजी

वाशीमच्या कुठल्याही नव्या लेआउटमध्ये असे एक काकाजी सापडतातच. १९९८ साली अकोल्यातून जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा बदलीवर इकडे आले, इथंच प्लॉट घेतला, इथंच रिटायर झाले. फाइली सुटल्या आणि पत्ताकोबी लागली.

नर्सरीतून रोपं आणणाऱ्याकडे ते, माळकऱ्यानं मटण खाणाऱ्याकडे पाहावं तसं पाहतात. "इकतची रोपं? मंग त्यात घरचं काय राह्यलं गा?" सप्टेंबरअखेर सारा जिल्हा सोयाबीन सोंगायच्या धांदलीत असतो, काकाजी 'गोल्डन एकर'चं पाकीट फोडतात. ट्रेमध्ये कोकोपीट, एका खळग्यात एक बी आणि वहीत आवक. उगवलेल्या प्रत्येक रोपाला क्रमांक मिळतो, कोलमडलेल्यापुढे 'मयत' असा शेरा पडतो. पाणी जास्त झालं की रोप बुडाशी सडतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. पण सकाळी पाचला उठलेल्या माणसानं पाणी घालू नये तर करावं काय?

महिनाभरानं दोरी लावून दीड-दीड फुटावर लावणी होते. वाफे अंगणात, स्कूटर रस्त्यावर. कडेनं मोहरी, म्हणजे चौकोनी ठिपक्यांचा पतंग अंडी तिच्यावर घालतो. यालाच सापळा पीक म्हणतात. 'सापळा' हा शब्द मात्र काकाजी जरा हळू उच्चारतात. सरकारी नोकरीतली सवय. तरी सुटलेल्या अळ्या रात्री मोबाइलच्या उजेडात वेचल्या जातात, आणि त्यांचीही नोंद होते.

डिसेंबरच्या थंडीत गड्डे धरतात, जानेवारीत भरतात. सारी अडचण इथून पुढं. काकाजी कापत नाहीत. "अजून भरू द्या, आठ दिवस!" असे आठ-आठ दिवस करत संक्रांत निघून जाते. काकू फणकारतात, "बजारात धा रुपयाले गड्डा भेटते, अन् मी याच्यापायी आंगनात एक लुगडं वाळू नाही घातलं!" मध्येच बाहेरगावचं लग्न येतं, वाफे कोरडे पडतात. परतल्यावर काकाजी त्यांना पोटभर पाणी पाजतात आणि गड्डे उकलतात. वहीत शेरा: 'गड्डा फुटला. कारण: लग्न.'

त्यातला एक ते घरच्या बियासाठी राखतात. पत्ताकोबीला बी धरायला कित्येक आठवड्यांची कडक थंडी लागते, म्हणून तिचं बी हिमाचलसारख्या डोंगराळ मुलखात तयार करतात. वाशीमची थंडी त्याला पुरत नाही. कृषी सहायकानं हे दोनदा समजावलं. काकाजींनी त्याला चहा पाजला आणि गड्डा तसाच ठेवला.

तुम्ही त्या बाजूनं गेलात तर फाटकाशी रेंगाळू नका. ट्रे दाखवल्याशिवाय ते सोडत नाहीत. जेवायला थांबवलं तर मात्र खुशाल थांबा. काकूंच्या हाताला चव आहे, आणि भाजी वांग्याची असते.