संशयी सर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे 'सायबर सर' म्हणतात. इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. संशोधनाचा विषय सायबर सुरक्षा आणि विश्वासार्ह कृत्रिम बुद्धिमत्ता. विश्वासावर पेपर लिहून लिहून ह्यांचा दूधवाल्यावरचाही विश्वास उडालाय, असं वहिनी म्हणतात.

सरांना नाक्यावरच्या टपरीवर चहा घेताना बघावं. बाकीचे क्यूआर कोड स्कॅन करून मोकळे होतात. सर आधी चष्मा कपाळावर चढवतात आणि कोडच्या स्टिकरचा कोपरा नखानं उचकटून पाहतात. खऱ्या कोडवर भामटे आपला कोड डकवतात आणि पैसे परस्पर त्यांच्या खात्यात जातात, हे खोटं नाही. पण टपरीवाल्याला कौतुक नाही. "सर, तुमच्या नखापायी स्टिकर फाटतो. तुम्ही आपले सुट्टे देत जा."

मागे एका तोतया अधिकाऱ्यानं सरांना 'डिजिटल अरेस्ट' करायला व्हिडिओ कॉल लावला. असली अटक कायद्यातच नाही, एवढं बोलून फोन ठेवावा की नाही? सरांनी त्याची तोंडी परीक्षा घेतली. मागची भिंत खरी आहे का? मग जरा डोक्यामागून हात फिरवा. खांद्यावरचे तारे मोजून दाखवा. शेवटी वैतागून त्यानंच फोन ठेवला. "तयारी अगदीच कच्ची," म्हणून सर हळहळले.

2018 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला होऊन 94 कोटी गेले. शहर हादरलं, सरांना मात्र लेक्चरला उदाहरण मिळालं. "28 देशांतल्या एटीएममधून ठरल्या वेळी पैसे काढले! आपल्याकडे सेमिस्टरचा निकाल वेळेवर लागत नाही."

त्यांचा खरा लाडका प्राणी पांडा. इयन गुडफेलो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2014 साली पांडाच्या फोटोत डोळ्याला दिसणारही नाही एवढी ढवळाढवळ केली. तो पांडा असल्याची ज्या यंत्राला 57.7 टक्के खात्री होती, तेच यंत्र आता 99.3 टक्के खात्रीनं म्हणालं, हा गिबन! म्हणजे चक्क वानर. यंत्र चुकलं याचं सरांना काही नाही; चुकताना त्याची खात्री वाढली, याचं अप्रूप. "अगदी आपल्या एचओडींसारखं," हे वाक्य ते वर्गाचं दार लोटून घेऊन म्हणतात.

अशा माणसाच्या सोसायटीत चेअरमननी चेहरा ओळखून उघडणारं गेट बसवलं. सरांना तर घरबसल्या प्रयोगशाळाच मिळाली. रंगीबेरंगी छापील फ्रेमचा चष्मा घालून चेहरा ओळखणाऱ्या यंत्राला चकवता येतं, हे कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी 2016 मध्येच दाखवलं होतं. सरांनी विद्यार्थ्यांना कामाला लावून तशी फ्रेम छापून घेतली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि एका रात्री गेटसमोर उभे राहिले. यंत्रानं चेअरमनांच्या नावानं स्वागत करून गेट उघडलं.

खुर्चीतला वॉचमन उठला. "सर, हा कुणाचा चष्मा घातलाय? गॅदरिंग हाय का कालेजात?"

सरांनी रीतसर अहवाल लिहिला, तक्त्यांसकट. त्यातलं एक वाक्य मला फार आवडतं: 'दिवे गेलेले असताना पाठमोऱ्या रहिवाशाला नुसत्या चालीवरून ओळखणारी, चष्म्यानं न फसणारी यंत्रणा सोसायटीकडे आधीपासून आहे. तिचा पगार वाढवावा.'

वार्षिक सभेत अहवालाची नोंद घेतली गेली. चेअरमन म्हणाले, कंपनी नवीन सॉफ्टवेअर टाकून देणार आहे. गेटच्या देखभालीचा करार तीन वर्षांनी वाढवला, आणि तो खर्च भागवायला रात्रपाळीचा वॉचमन कमी केला. ठरावाच्या विरोधात एकच हात वर होता.