लाल कॅलिपरच्या आधी

गाडी जॅकवर होती, उजवं पुढचं चाक भिंतीला टेकवलेलं. बिडकीनच्या त्या गॅरेजात मिस्त्रीने दोन्ही ब्रेक पॅड काढले आणि तळहातावर शेजारी शेजारी ठेवले. बाहेरच्या पॅडवर चांगला पाच-सहा मिलिमीटर मसाला शिल्लक होता. आतला मात्र घासून पत्र्याला टेकला होता. डिस्कच्या आतल्या बाजूला गोल चरे पडले होते, नख फिरवलं तर अडकत होतं. कारण एवढंसं: कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यातली एक गंजून जाम झालेली. पिस्टन आतला पॅड दाबत राहिला आणि बाहेरचा नुसता सोबतीला बसून राहिला.

त्याच कॅलिपरवर बाहेरून लाल प्लास्टिकचं झाकण चिकटवलेलं होतं.

मालक पंचविशीतला पोरगा. गाडी स्कोडाची जुनी लॉरा आरएस. त्याचा प्रश्न ठरलेला होता, "भाऊ, हिला सहा पिस्टनची ब्रेक किट बसेल ना?"

मिस्त्री काही बोलला नाही. तळहात त्याच्यापुढे धरून उभा राहिला.

हा प्रश्न आपल्या भागात वारंवार ऐकू येतो, आणि त्याला कारण आहे. स्कोडाने 2001 साली भारतातलं काम आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यापासूनच सुरू केलं, पहिली गाडी ऑक्टाव्हिया. 2004 मध्ये तिची आरएस आली, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, 150 अश्वशक्ती. 2011 मध्ये 160 अश्वशक्तीची लॉरा आरएस, 2017 मध्ये 230 अश्वशक्तीची ऑक्टाव्हिया आरएस. आता या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातात आल्यात. पहिल्या मालकाने इंजिन बघून घेतली, तिसराही इंजिन बघूनच घेतो. घेतली की पहिल्याच महिन्यात इंजिनचं रिमॅप. तीस-चाळीस अश्वशक्ती वाढते, मित्रांना व्हिडिओ जातो. ब्रेकला उरलेला पैसा, आणि त्या उरलेल्या पैशांत लाल झाकण. मला याचा राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. ते झाकण कॅलिपरभोवती खेळणारी हवा अडवतं. ब्रेकला सगळ्यात जास्त हवी असते ती हीच हवा.

ब्रेक करतो काय, तर वेगाची उष्णता करतो. दीड टनाची गाडी ताशी 60 वरून थांबवली, तर जी उष्णता तयार होते तिच्यावर सहाशे मिलिलिटर गार पाणी उकळेल. 120 वरून थांबवली तर अडीच लिटर. वेग दुप्पट, उष्णता चौपट, आणि ही सगळी चार-पाच सेकंदांत चार डिस्कमध्ये शिरते, त्यातली बरीचशी पुढच्या दोनमध्ये. समृद्धी महामार्गावर कारला 120 ची मुभा आहे. कन्नडचा औट्रम घाट उतरताना वेग कमी असला तरी ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो, डिस्कला निवायला उसंतच मिळत नाही. आणि आपला पैठण रस्ता! चितेगाव ओलांडून जरा वेग धरावा तो पुढे गतिरोधक, नाहीतर ढोरकीनकडून आलेली उसाची ट्रॉली, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. गळीत हंगामात रात्री हा रस्ता ज्याने चालवलाय त्याला ब्रेकचं महत्त्व सांगावं लागत नाही.

म्हणून पहिला पैसा ब्रेक ऑइलवर. आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते हवेतलं पाणी शोषतं, बाटली उघडी राहिली तरी शोषतं. नवं डॉट 4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात तीन-चार टक्के पाणी मुरलं की हीच हमी 155 वर येते. घाटात कॅलिपर तापला, ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले की पेडल थेट खाली जातं. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, एवढंच त्यामागचं गणित. माझ्या स्वतःच्या गाडीत हे झालंय. घाटाच्या शेवटच्या वळणांवर पेडल मऊ झालं, दुसऱ्या गिअरवर टाकून गाडी आवरली. महिन्याभरापूर्वीच सर्व्हिस झाली होती, बिलावर ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद होती. घरी येऊन चारही चाकांतून ऑइल काढलं तर पाण्याच्या बाटलीत काळ्या चहासारखं काहीतरी जमा झालं. तेव्हापासून हे काम मी समोर उभा राहून करून घेतो. दर दोन वर्षांनी, गाडी चालो न चालो. घाट आणि लांबचा वेग असेल तर डॉट 5.1, त्याची हमी 260 अंशांपर्यंत. नावात गल्लत मात्र करू नका: नुसतं डॉट 5 म्हणजे सिलिकॉनचं, ते यात चालत नाही.

त्यासोबत पिना काढून साफ करा, ब्रेकचंच ग्रीस लावा, त्यांची रबरं बदला. या कामाला पार्ट्सचा खर्च नावापुरता आहे. त्या पोराच्या गाडीचा निम्मा ब्रेक याच्यावाचून मेला होता. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीचे रबरी होज पाइप बदलायचेच असतात, तर तेव्हा स्टीलच्या जाळीचे घ्या. दाबाखाली ते कमी फुगतात, पेडल टणक लागतं.

मग पॅड. सगळ्यात जास्त फसवणूक इथं होते, आणि बऱ्याचदा ती आपण आपलीच करून घेतो. पाकिटावर रेसिंग लिहिलंय म्हणून घेतलेला पॅड तापल्याशिवाय पकडतच नाही. सकाळी सात वाजता बिडकीनहून निघालात आणि चौकात शाळेची रिक्षा आडवी आली, तर तो पॅड गारच असतो. रस्त्याच्या गाडीला रस्त्याचा पॅड घ्या, चांगल्या कंपनीचा, जास्त उष्णता सोसणारा पण पहिल्याच दाबाला धरणारा. आणि नवा पॅड बसवला की तो डिस्कवर बसू द्या. मोकळा रस्ता, मागे कुणी नाही हे बघून साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, मग पाच-सात किलोमीटर ब्रेक न दाबता निवू द्यायचं. पॅडचा मसाला डिस्कवर सारखा पसरतो. हे न करता "नवे पॅड बेकार निघाले" म्हणणारे पुष्कळ भेटलेत.

डिस्क साधीच घ्या, मूळ मापाची, आतून हवा खेळणारी. भोकं पाडलेली डिस्क दिसते छान, पण जास्त तापली की त्या भोकांपासूनच तडे जातात. जुनी डिस्क लेथवर घासून घ्यायची असेल तर कडेवर कोरलेली किमान जाडी आधी वाचा. त्याखाली गेली की ती भंगार.

एवढं करूनही ब्रेक कमी पडत असेल, तर मोठ्या डिस्कचं बोलू. पहिल्या ऑक्टाव्हियाच्या घराण्यात याला जुना, तपासलेला रस्ता आहे: 288 मिलिमीटरच्या जागी 312 ची डिस्क, जी पहिल्या ऑडी टीटीला होती. कॅलिपर तोच राहतो, फक्त त्याचा कॅरिअर बदलतो. पेडलचा अंदाज बिघडत नाही, पकड सुमारे दहा टक्क्यांनी वाढते, उष्णता मुरायला जास्त लोखंड मिळतं. चाक मात्र 16 इंचाचं लागतं.

सहा पिस्टनच्या किटला माझा विरोध आहे, निदान या गाड्यांना. पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ वाढलं की तेवढं ऑइल ढकलायला मास्टर सिलिंडर अपुरा पडतो, पेडल लांब जातं. पुढची पकड एकदम वाढली की मागचा ब्रेक नावालाच उरतो, आणि कंपनीने पुढच्या-मागच्या चाकांत बांधून दिलेला तोल मोडतो. त्यात बाजारात नावाजलेल्या कंपन्यांच्या नावाने नकली कॅलिपर फिरतात. नकली स्टिकरवाला कॅलिपर 120 च्या वेगात कसा वागेल याची चाचणी कुणी केलेली नाही. ती तुम्ही करणार, शेजारच्या सीटवर घरचं माणूस बसवून.

मागच्या चाकांबद्दल एकच: जुन्या ऑक्टाव्हियाचा आणि लॉराचा मागचा पिस्टन फिरवून आत घालावा लागतो, हँडब्रेकची यंत्रणा त्यातच आहे. सी-क्लॅम्पने नुसता दाबला तर ती मोडते. मिस्त्रीकडे फिरवायचं साधन आहे का, ते आधी विचारा.

गॅरेजात त्या पोराने हे सगळं माझ्याकडून ऐकून घेतलं. पटलं असावं, पण मन किटवरून हलत नव्हतं. "तरी पण काका, एकदा बसवली की टेन्शन नाही ना?" असं त्याने मला विचारलं.

तेव्हा मिस्त्रीने भिंतीला टेकवलेलं चाक फिरवलं आणि टायरच्या बाजूवर मोबाइलचा उजेड धरला. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी लांबट चौकटीत चार आकडे होते: 2315.

"हे काय?" पोराने विचारलं.

"2015 चा तेविसावा आठवडा," मिस्त्री म्हणाला. "ब्रेक चाक धरतो, दादा. रस्ता हा धरतो."

त्याने अंगठ्याने रबर दाबून दाखवलं. ते दबलं नाही. नक्षीच्या खोबणीत बारीक भेगांची जाळी पडली होती. पोरगा उकिडवा बसला आणि जॅकवरच्या गाडीची उरलेली तीन चाकं एकामागून एक वाचू लागला.