दुसरं केळं

माझ्या आवडत्या गायकाचं नाव मी सहसा कुणाला सांगत नाही. मराठी माणूस "कोण?" म्हणतो. तमिळ माणूस "अच्छा, इळैयराजांचा भाऊ!" म्हणतो. दोहोंत "कोण?" परवडलं. तिथे निदान पुढे काही बोलायला जागा उरते.

तर त्यांचं नाव गंगै अमरन, प्रख्यात तमिळ संगीतकार इळैयराजांचे धाकटे भाऊ. गाव पण्णैपुरम, आजचा तेनी जिल्हा. दिग्दर्शक, गीतकार, संगीतकार अशी त्यांची ओळख करून देतात. 'गायक' हा शब्द यादीत शेवटी येतो आणि तिथवर वाचायला कुणी थांबत नाही.

आमची गाठ माटुंग्यात पडली, म्हणजे त्यांच्या आवाजाची आणि माझी. किंग्ज सर्कलजवळ एका तमिळ कुटुंबात मी पेइंग गेस्ट होतो. अरोरा टॉकीजवरच्या तमिळ पोस्टरांतलं मला फक्त नायकाच्या मिशीएवढंच कळायचं. घरमालक मामा मला 'तंबी' म्हणत. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. भाडं मात्र थोरल्या भावाचं घेत.

एका रविवारी मामांनी कॅसेट लावली. 1986 च्या 'नीदाना अंद कुयिल'मधलं 'पूजैक्केत्त पूविदु'. बाईचा आवाज चित्राचा, तमिळमध्ये तेव्हा अगदी नवा. आणि पुरुषाचा? मला वाटलं, स्टुडिओत कुणीतरी शेतावरून थेट आलाय आणि त्याला बाहेर काढायचं राहून गेलंय. चित्राचा आवाज चिंचेनं घासलेल्या कळशीसारखा लखलखीत, तर ह्याचा त्या कळशीखालच्या चुंबळीसारखा. चुंबळीचं कौतुक कुणी करत नाही, पण तिच्यावाचून कळशी डोक्यावर राहत नाही.

"मामा, हा कोण?"

"राजाचा भाऊ."

"नाव काय?"

मामा विचारात पडले. कॉफी गाळता गाळता मामीच आतून ओरडल्या, "अमरन!"

त्या दिवसापासून मी ह्या माणसाचा वकील झालो. फी नाही, अशील ओळखत नाही, आणि खटला अजून बोर्डावरसुद्धा आलेला नाही.

अन्याय किती पाहा. 1976 साली 'अन्नक्किळि' चित्रपटाच्या वेळी पटकथाकार पंचू अरुणाचलम यांनी थोरल्या भावाचं नाव 'इळैयराजा' ठेवलं, कारण गायक ए. एम. राजा आधीच प्रसिद्ध होते. 'इळैय' म्हणजे धाकटा. म्हणजे घरात खराखुरा धाकटा हजर असताना धाकटेपणाची पाटीसुद्धा थोरल्याच्याच दारावर लागली! 1977 च्या '16 वयदिनिले'मधलं 'सेंदूरप्पूवे' अमरननी लिहिलं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो गाणाऱ्या एस. जानकींना. 1979 च्या 'पुदिय वार्पुगळ'मध्ये नायक भाग्यराज, पण पडद्यावर त्याच्या तोंडून बोलतात ते अमरन. 1982 च्या 'वाळ्वे मायम'ला संगीत अमरनचं, आणि ती गाणी ऐकून मामा डोळे मिटून म्हणायचे, "राजा तो राजाच!" मी कॅसेटचं कव्हर पुढे करायचो. मामा चष्मा शोधायचे. तो कधीच सापडायचा नाही.

आता माझा मुद्दा. गाणारे दोन प्रकारचे. एकाला आपण गातोय हे सगळ्यांना कळावं असं वाटतं. दुसऱ्याला पात्राला काय म्हणायचंय ते कळावं असं वाटतं. अमरन दुसऱ्या पंगतीतले. एस. पी. बालसुब्रमण्यम यांचा आवाज दैवी, मान्य. पण कधी कधी पडद्यावरचा गडी लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून बांधावर बसलेला असतो आणि त्याचा आवाज रेशमी वेष्टी नेसून येतो. अमरनचा आवाज गड्याच्याच कपड्यांत येतो, पायाला चिखल तसाच. त्यांच्या सर्वांत थोरल्या भावाच्या, पावलर वरदराजन यांच्या मेळ्यात हे सगळे भाऊ उघड्या मैदानांत कम्युनिस्ट पक्षासाठी गात. तिथे हरकत चुकली तर चालतं, शब्द चुकून चालत नाही. शेवटच्या रांगेतल्या शेतमजुराला कळलं पाहिजे. तो शेतमजूर अमरनच्या गळ्यातून मला अजून ऐकू येतो.

हे पटवून देण्यासाठी मी सोसायटीच्या गणपतीत 'पूजैक्केत्त पूविदु' म्हटलं. निवेदकानं माईकवर जाहीर केलं, "आता इळैयराजांचं गीत." सगळ्यात वाईट म्हणजे ते खरंच होतं, चाल त्यांचीच. गाणं संपल्यावर एका आजींनी मला जास्तीचा मोदक दिला आणि विचारलं, "घसा कधीपासून धरलाय रे?" तेव्हा कळलं, असा साधा आवाज काढणं साधं नसतं.

1989 मध्ये अमरननी 'करगाट्टक्कारन' दिग्दर्शित केला. त्यात तमिळ घराघरांत पाठ असलेला एक विनोद आहे. विनोदी नट गौंडमणी आपला जोडीदार सेंदिल याला रुपया देऊन दोन केळी आणायला पाठवतो. सेंदिल एक वाटेतच खातो आणि एक आणून देतो. "दुसरं कुठाय?" असं विचारलं, की शांतपणे म्हणतो, "ते दुसरं म्हणजेच हे." कितीही मारलं तरी उत्तर बदलत नाही.

पण्णैपुरमच्या ह्या दोन भावांचंही तेच झालं. दुसऱ्याबद्दल विचारलं, की लोक पहिलाच पुढे करतात. गौंडमणीच्या नशिबी दुसरं केळं नव्हतं. तुमच्या आहे. कॅसेट अजून माझ्याकडे आहे, ऐकायला या. चष्मा मात्र घेऊन या, कव्हर मी दाखवणार आहे.