सिमेंटचं गाव आणि धारूरचे आबा

कोल्हापूर जिल्हा आमच्या आबांनी उभा-आडवा तोडलाय. म्हणजे त्यातला ऊस. मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची, दिवाळीच्या आगेमागे बीडमधल्या धारूरच्या डोंगरातून निघायचं, कारखान्याच्या पट्ट्यात कोपी ठोकायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला गावी परतायचं, यात त्यांची हयात गेली. बीडमधून दरसाल लाखो माणसं अशीच जातात. पण ऊस आणि वजनकाटा सोडला तर आबांनी तिथलं काही पाहिलं नव्हतं. अंबाबाईसुद्धा नाही, अपरात्री गाडी भरायला आली की देवदर्शन पुढच्या हंगामावर. गुडघ्यांनी कोयता खाली ठेवायला लावला, तेव्हा मी त्यांना पहिल्यांदाच पाहुणा म्हणून कोल्हापूरला नेलं. अंबाबाई झाली आणि मग कणेरी मठावरचं सिद्धगिरी ग्रामजीवन वस्तुसंग्रहालय.

सातेक एकरांत जुनं गाव उभं केलंय. सिमेंटचे सुमारे तीनशे पुतळे. कुंभार, लोहार, सुतार, न्हावी, सगळे आपापल्या कामात. एक ताई पोराला जातं दाखवून सांगत होत्या, "हा आजीचा मिक्सर."

"आपल्या माळवदावर पडलंय, त्याला तिकीट लावावं का?" आबांनी मला विचारलं. ते थट्टा करत नव्हते.

मग तलाठी पाहणीला यावा तसे ते गावभर फिरले. बैलांच्या पाठीवरून हात फिरवायला गेले, पहारेकऱ्यानं हटकलं. "बघायलोय फक्त," आबा म्हणाले, "लई भरलेत बैल. माणसंबी गुबगुबीत. ह्या गावात बहात्तर साल आलेलंच दिसत नाय."

पहारेकरी भला होता. त्यानं बलुतेदारी समजावून सांगितली: पैशाचा व्यवहार थोडका, सालभर काम करायचं आणि खळ्यावर धान्य घ्यायचं. गावाला लागेल ते गावातच; बाहेरून यायचं ते मीठ.

"आन पाणी?"

पहारेकरी मोटेकडे बोट दाखवायला लागला. आबांनी नुसती मान हलवली. बालाघाटच्या माणसाला मोट दिसली की आधी विहिरीचा तळ दिसतो.

मला खरं तर हे गाव आवडलं होतं. सावकार दारात नाही, कुणी कुलूप लावून परगावी निघालेलं नाही. आमच्याकडे हंगामात गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात. त्याचा देखावा केला तर सिमेंट फार लागणार नाही.

"मुकादम कुठं बसवलाय?" आबांनी विचारलं.

"मुकादम नाही इथं, बाबा."

"मग ह्यांना उचल कोण देतं?"

"पुतळ्यांना कशाला उचल?"

आबा थबकले. त्यांनी त्या तीनशेंकडे पुन्हा एकवार नीट पाहिलं. "म्हंजे उचल नाय, भाकर नाय, आजारपण नाय, पोरंबाळं संगं नाय, आन रातंदिस कामावर." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "आपल्या मुकादमाला ही जागा दाखवू नको बरं."