सावधान म्हणताच पळायला वाट हवी

आसनगावच्या मांडवात भटजींनी ‘सावधान’ म्हटले आणि बारा वर्षांचा नारायण ठोसर, म्हणजे पुढचे समर्थ रामदास, बोहल्यावरून उठून पळाला, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक नवरदेवाला अक्षता पडण्याआधी कुणीतरी काका सांगतोच. त्या गोष्टीत नारायणाच्या वैराग्याचे कौतुक होते. मांडवाचे कुणी करत नाही. मांडव गावात होता, चारी बाजूंनी उघडा होता, पलीकडे शेत होते आणि शेतापलीकडे नाशिकची वाट. हेच लग्न उदयपूरच्या जगमंदिरात असते तर? चहूकडे पिछोला तलाव, बेटावरून बाहेर पडायला फक्त होडी आणि होडीवाला वेडिंग प्लॅनरचा माणूस. दासबोध मिळायचा राहिला असता आणि त्याऐवजी एक हॅशटॅग मिळाला असता.

जगमंदिर तसे पळून आलेल्यांचेच. बापाविरुद्ध बंड करून फसलेला शाहजादा खुर्रम १६२० च्या दशकात इथे आसऱ्याला होता. पुढे तो शाहजहान झाला आणि त्याने ताजमहाल बांधला. आता इथे मुलीचे लग्न लावणारा बाप पुढे फक्त हप्ते भरतो.

पण बापाचे सोडा, तो हौसेने अडकलेला असतो. माझी तक्रार पाहुण्यांच्या वतीने आहे. लग्नाला जाणे ही आपल्याकडे एक साधलेली कला होती. मुहूर्त बारा सदतीसचा असला की बारा पस्तीसला कार्यालयात शिरायचे. शेवटच्या रांगेत उभे राहून अक्षता टाकायच्या. त्या नवरानवरीपर्यंत पोचत नाहीत, पुढच्या माणसाच्या टकलावर पडतात, पण पुण्य तेवढेच. मंगलाष्टकांचा सूर आळवत एखादी मावशी सातवे कडवे सुरू करते तेव्हा हळूच जिन्याकडे सरकायचे. पहिली पंगत, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. मग स्टेजवर जाऊन पाकीट द्यायचे, ‘ओळखलंस का मला?’ असे नवऱ्याला विचारून त्याला घाम फोडायचा आणि तीन वाजता घरी येऊन झोपायचे. कोणत्या बाजूकडून आलात हेही कुणी विचारत नसे. इतके स्वातंत्र्य घटनेनेही दिलेले नाही.

आता निमंत्रण येते तेच मुळी तीन दिवसांच्या वेळापत्रकासह. हळदीला पिवळे, मेंदीला हिरवे, संगीतला ‘पेस्टल’. पेस्टल म्हणजे नेमका कोणता रंग हे विचारायला मी एका प्लॅनरला फोन केला, तर ती म्हणाली, “काका, तुम्ही फक्त एक्सपिरियन्स घ्या.” मी म्हटले, बाई, एक्सपिरियन्स घ्यायला गुडघे लागतात, ते आमच्याकडे उरलेले नाहीत. यावर तिने लग्नाच्या वाड्यात लिफ्ट नसल्याचे सांगितले. वाडा जुना असतो म्हणून लिफ्ट नसते, आणि लिफ्ट नसते म्हणून भाडे जास्त असते.

हे लांब जाऊन लग्न लावण्याचे वेड सुरू कुठून झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१७ च्या डिसेंबरात विराट आणि अनुष्का इटलीतल्या तस्कनीत बोहल्यावर चढले. पुढच्या वर्षी दीपिका आणि रणवीर लेक कोमोला गेले, तर प्रियांकाने जोधपूरचे उमेद भवन गाठले. ही मंडळी लांब गेली ती कॅमेऱ्यांपासून सुटका व्हावी म्हणून. आपल्या चाळीसगावच्या, बार्शीच्या पोरापोरींना घरी कुणीच कॅमेरा लावलेला नव्हता. ते लांब जातात आणि कॅमेरे सोबत नेतात. दोन ड्रोन आणि एक क्रेन. समुद्रकिनाऱ्यावर सूर्य बुडतानाच माळ घालायची म्हणून पाऊण तास सगळे वऱ्हाड वाळूत उभे. आमच्या आज्या याला गोरज मुहूर्त म्हणत आणि तो पाळायला त्यांना गोव्याला जावे लागत नसे. दारात गाई आल्या की झाले.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून सांगितले की परदेशात जाऊन लग्ने कशाला, आपल्याच देशात करा. देशभक्त मंडळींनी लगेच कोमोऐवजी हिमालय धरला. उत्तराखंडच्या त्रियुगीनारायण मंदिरात म्हणे शिवपार्वतीचे लग्न लागले होते. त्या वरातीत भुते आणि पिशाच्चे नाचत आली होती, ड्रेसकोड नव्हता आणि नवरदेव भस्म लावून आला तरी सासऱ्यांनी सांभाळून घेतले. आजचा प्लॅनर त्या नवऱ्याला मेकअपमनकडे पाठवून देईल.

तिकडेच औलीला जून २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या गुप्ता बंधूंच्या दोन मुलांची लग्ने झाली. खर्च दोनशे कोटींचा, अशा बातम्या होत्या. औलीची कुरणे तिथले लोक बुग्याल म्हणतात. हिवाळ्यात त्यावर बर्फ, उन्हाळ्यात गवत आणि फुले. तिथे हेलिपॅड आले, तंबू आले, शेकडो मजूर आले. प्रकरण नैनितालच्या उच्च न्यायालयात गेले आणि पर्यावरणाच्या नुकसानीपोटी तीन कोटी रुपये आधी जमा करा, असा आदेश निघाला. वऱ्हाड गेल्यावर जोशीमठ नगरपालिकेची माणसे कचरा उचलत बसली. लग्न अविस्मरणीय झाले यात शंका नाही. सफाई कामगारांना विचारा, अजून आठवत असेल. पाहुण्याला नाही म्हणता येते, तापाचे निमित्त करता येते, आजेसासूला आजारी पाडता येते. गवताला यातले काहीच जमत नाही.

हवेचेही तेच. २०२१ च्या मेमध्ये तामिळनाडूत टाळेबंदी वाढली, तेव्हा मदुराईच्या एका जोडप्याने विमान भाड्याने घेतले आणि शे-दीडशे वऱ्हाडी घेऊन आकाशात लग्न लावले. जमिनीवर निर्बंध होते, आकाशाचा उल्लेख परिपत्रकात नव्हता. मग विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाने चौकशी लावली आणि विमानातले कर्मचारी कामावरून बाजूला केले गेले. कोल्हापूरकडच्या एका गिर्यारोहक जोडप्याने दरीवर दोरखंडाला लटकत लग्न लावले होते, भटजींनाही पट्टे बांधून वर घेतले होते. ‘सावधान’ हा शब्द मनापासून उच्चारणारे हे अलीकडच्या काळातले एकमेव भटजी असावेत.

मला स्वतःला किल्ले आवडले असते. सप्टेंबर २०१९ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, राज्यातले पंचवीस किल्ले पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने द्यायचे आणि तिथे हॉटेले, लग्नसमारंभ होणार, अशी बातमी आली. महाराष्ट्र खवळला, ते योग्यच झाले. शिवरायांच्या किल्ल्यांना हात लागणार नाही, प्रश्न संरक्षित नसलेल्या किल्ल्यांचाच आहे, असा खुलासा सरकारने केला. लग्नांचा विषय मिटला. पण एक पाहुणा म्हणून मी हळहळलो. चोरदरवाजा असलेले कार्यालय आपल्याकडे दुसरे कुठे आहे? शिवाय गड चढून येणारा माणूस खरोखर तुमचा, बाकीचे पायथ्यालाच गळतात. पाहुण्यांच्या यादीवरून बापलेकीचे भांडण होत नाही. रायगडाचा त्या पंचवीस किल्ल्यांत प्रश्नच नव्हता, नाहीतर मागण्यांच्या याद्या वाचून दाखवणाऱ्या वरपक्षाच्या बैठकीसाठी टकमक टोक सुचवणार होतो.

सगळ्यांत वेगळ्या जागी लागलेले लग्न मात्र कुठल्याच प्लॅनरच्या पुस्तिकेत नाही. २०२३ साली नगर जिल्ह्यात एका स्मशानभूमीत मांडव पडला, हळद लागली, अक्षता पडल्या. मुलीचे आईवडील तिथे राखणीचे काम करणारे, मसणजोगी समाजातले. मुलगी तिथेच लहानाची मोठी झालेली. मुलीचे लग्न मुलीच्या दारात, ही आपली जुनी रीत त्यांनी पाळली. बातम्यांनी त्याला ‘अनोखे लग्न’ म्हटले. अनोखे वाटले ते आपल्याला. त्यांचे ते अंगण होते.

तर आता आमचा प्रस्ताव. अनोखी जागा हवीच असेल आणि ती महाराष्ट्रातलीच हवी असेल, तर मुंबई–गोवा महामार्ग घ्या. पनवेल–इंदापूर टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि तेव्हापासून दर गणपतीत लाखभर वऱ्हाडी तिथे आपोआप जमतात, अक्षतासुद्धा वाटाव्या लागत नाहीत. सीमांतपूजन पूर्वी गावाच्या शिवेवर व्हायचे, वर आला की तिथेच त्याचे पाय धुवायचे. आता टोलनाका आहे. फास्टॅगची शिल्लक संपलेली असेल तर पाय धुवायला वेळही भरपूर मिळतो. सप्तपदीला सात पावले लागतात, आणि वाहतूक ऐन भरात असताना गाडी तेवढी नक्कीच सरकते. ड्रोनला वरून जे दृश्य दिसेल ते कोमोत नाही.

कायद्याचीही अडचण नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात सोय आहे की जोडप्याची इच्छा असेल तर विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयाबाहेर, वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागीही लग्न लावता येते. जादा शुल्क भरले की झाले. आता वडखळ नाका त्या कार्यालयापासून वाजवी अंतरावर धरायचा की नाही, हे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे की तासांत, यावर अवलंबून राहील. तीन साक्षीदार लागतात. पुढच्या, मागच्या आणि शेजारच्या गाडीतले पुरतील. पाहुण्यांचे म्हणाल तर त्यांना केव्हाही दार उघडून उतरता येईल आणि ते वऱ्हाडाच्या आधी चिपळूणला पोचतील. नवरदेवालाही तेवढी मुभा राहील, आसनगावसारखी.

जोखीम एकच. ऐन मुहूर्ताच्या दिवशी रस्ता पूर्ण झालेला निघाला तर सगळा बेत फसेल. पण आजवरच्या तारखा पाहता एवढी जोखीम वधूपित्याने घ्यायला हरकत नाही.