वानरांवर लिहिणारा माणूस

"गेली का हो टोळधाड?" वईपलीकडून काकूंनी हाक दिली.

"गेली. शेवग्याच्या शेंगा ओरबाडल्या, दोन कौलं फोडली आणि वर तुमच्याच आंब्यावर बसून खाल्ल्या."

पाठीला तुंगारेश्वरचं रान, म्हटल्यावर आमच्या चांदीप गावच्या कौलांना हे चुकत नाही. काळ्या तोंडाची वानरं. पुढे म्होरक्या, मागे लेकुरवाळ्या.

"मेल्यांना फटाकेच लावायला हवेत!"

"काकू, याच मेल्यांवर एकाने अख्खी कादंबरी लिहिलीय. 'सत्तांतर'. टोळीचा मालक कोण, यावरून वानरांच्या मारामाऱ्या. १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला."

"वानरांवर? दिल्लीचा पुरस्कार?" काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "कोण हा गृहस्थ?"

"व्यंकटेश माडगूळकर."

"गदिमांचे कोण?"

"धाकटे भाऊ."

"मग असं सांगा ना!"

धाकट्याचं हेच नशीब. बेचाळीसच्या चळवळीत शाळा सुटली, पुढे पुणे आकाशवाणीवर गावाकडचे कार्यक्रम केले, तिशीच्या आत 'बनगरवाडी' लिहिली. तरी पहिला प्रश्न भावाचाच.

"'सांगत्ये ऐका' पाहिलात ना?"

"म्हणजे काय! बुगडी!" काकूंचा हात आपसूक कानाकडे गेला.

"गाणं थोरल्याचं, पटकथा धाकट्याची. १९५९ चा सिनेमा. पुण्यात विजयानंदला अडीच वर्षं चालला."

"बघा! श्रीखंडाचं कौतुक, पुऱ्या तळणारीला कोण विचारतो?"

मग मी 'बनगरवाडी' सांगितली. माणदेशातली धनगरांची वाडी, एकशिक्षकी शाळेवर आलेला पोरगेला मास्तर, सगळ्यांनी मिळून बांधलेली तालीम, आणि मग दुष्काळ. वाडीच्या वाडी उठून जाते. १९५५ ची कादंबरी. अमोल पालेकरांनी तिचा सिनेमा केला तो थेट १९९५ मध्ये. इंग्रजीत नाव 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स', म्हणजे गावाला भिंतीच नव्हत्या.

काकूंनी आमच्या वईकडे पाहिलं. निम्मी निरगुडी, निम्म्या काटक्या. "आपल्याला तरी कुठे आहेत? हिला तर वानरंसुद्धा मोजत नाहीत."

"आणून देऊ 'बनगरवाडी'?"

"नको बाई, दुष्काळ नाही वाचवत. ते वानरांचंच द्या. बघू तरी, यांच्यात नवा म्होरक्या येतो कसा."

'सत्तांतर' वईवरूनच पलीकडे दिलं. बारीकसं पुस्तक, दोन दुपारी पुरेल. शेंगा मात्र बाजारातून आणाव्या लागल्या.